‘इत्यादी’मधली माणसे : नागपूर, बौद्धिक दिव्यांगता आणि दूरस्थ वैद्यकाचा इतिहास

२५ मार्च २०२० हा दिवस आपल्या लक्षात राहिला तो देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस म्हणून. त्या दिवशी गुढीपाडवाही होता. नागपुरात पहिला कोविड रुग्ण सापडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत आणखी एक गोष्ट घडली, आणि बातम्यांच्या गदारोळात तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. डॉक्टरने रुग्णाला दूरध्वनीवरून, व्हिडिओवरून किंवा लेखी संदेशावरून तपासावे कसे, याचे भारतातील पहिले अधिकृत नियम त्या दिवशी जाहीर झाले. टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे या नावाने ती ओळखली जातात, आणि वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून ती जोडली गेली.

या नियमांत एक छोटा भाग आहे, काळजीवाहकाविषयीचा. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तर त्याच्या वतीने डॉक्टरशी कोणी बोलावे? नियम सांगतात की रुग्ण सोळा वर्षांचा किंवा त्याहून लहान असेल, किंवा असमर्थ असेल, तर काळजीवाहकाला तसा अधिकार आहे असे मानावे. असमर्थतेची उदाहरणे म्हणून स्मृतिभ्रंश आणि शारीरिक अपंगत्व यांचा उल्लेख येतो. त्यापुढे शब्द येतो, ‘इत्यादी’.

बौद्धिक दिव्यांगता असलेली प्रौढ माणसे या ‘इत्यादी’त आहेत. ती तिथे कशी पोहोचली, हा या धाग्याचा विषय. धागा लांब आहे, आणि त्याचा बराचसा प्रवास नागपुरातून जातो.

सुरुवात मात्र नागपूरच्या थोडी बाहेर, रिद्धपूरला करू. अमरावती जिल्ह्यातील हे गाव महानुभावांचे काशी. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, राहत होते. ते चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातून जी व्यक्ती दिसते ती कोणत्याही घरात शिरते, हवे ते मागून खाते, हसते, रागावते, लोकरीतीला जुमानत नाही. आणि गाव तिला सांभाळते, तिच्यावर माया करते. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे महानुभावांचे परमेश्वर अवतार आहेत, आणि सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथावरून कोणाचे निदान करणे हा इतिहास नव्हे, उथळपणा आहे. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की ‘वेगळ्या’ माणसाला गावाच्या दिनक्रमात सामावून घेण्याची कल्पना वऱ्हाडच्या मातीला परकी नव्हती. सगळी गावे रिद्धपुरासारखी होती, असे मात्र समजू नये. दोराने बांधून ठेवलेली माणसेही गावांनी पाहिली आहेत.

आता १८५३. तिसरे रघूजी भोसले वारसाविना गेले, आणि पुढच्याच वर्षी नागपूर राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. राजधानी म्हटली की कचेरी, तुरुंग, इस्पितळ आणि त्या काळच्या साहेबी कल्पनेनुसार वेड्यांचे आश्रयगृहही आलेच. नागपूरचे हे आश्रयगृह १८६४ मध्ये सुरू झाले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. नागपूरकराला अधिकृत नाव सांगितले तर तो क्षणभर थांबेल. ‘पागलखाना चौक’ म्हणा, ऑटोवाला सरळ नेऊन सोडील. दीडशे वर्षांत पाटी अनेकदा बदलली. चौकाचे नाव बदललेले नाही.

त्या आश्रयगृहामागचा कायदा होता १८५८ चा छत्तिसावा अधिनियम. त्यात ‘ल्युनॅटिक’ या शब्दाची व्याख्या अशी होती की अस्थिर चित्ताचा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक ‘इडियट’ त्यात मोडावा. ‘इडियट’ ही तेव्हा शिवी नव्हती, ती वैद्यकीय संज्ञा होती: जन्मापासून ज्याची बुद्धी वाढलीच नाही असा माणूस. म्हणजे दोन अगदी भिन्न अवस्था कायद्याने एकाच दावणीला बांधल्या. एकीकडे उन्मादाने किंवा विषादाने ग्रासलेला, पण बरा होऊ शकणारा रुग्ण. दुसरीकडे ज्याला कोणताही ‘आजार’ नाही, ज्याची जडणघडणच वेगळी आहे असा माणूस.

याचा परिणाम आश्रयगृहांच्या वार्षिक अहवालांत दिसतो. ब्रिटिश प्रशासनाला तक्त्यांची भारी हौस. वर्षाच्या आरंभी किती, नव्याने किती, बरे झाले किती, सुधारले किती, नातेवाइकांच्या हवाली केले किती, मरण पावले किती. रोगप्रकारांत उन्माद, विषाद, बुद्धिभ्रंश यांच्या जोडीला ‘इडियसी’ही असे. गांजामुळे वेड लागते की काय, या प्रश्नावर या तक्त्यांचा एवढा कीस काढला गेला की १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने आश्रयगृहांतील नोंदी नव्याने तपासल्या आणि त्यांतील कारणमीमांसा किती ठिसूळ आहे ते दाखवून दिले. मात्र ‘इडियसी’च्या रकान्याची अशी चौकशी कोणी केली नाही. त्या रकान्यातल्या माणसाला ‘बरे झाले’ या स्तंभात जाण्याची वाटच नव्हती. त्याच्यासाठी दोनच दारे उघडी होती: नातेवाईक किंवा मृत्यू.

अंतराचा मुद्दा इथूनच सुरू होतो. रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये, आश्रयगृहानंतर तीन वर्षांनी. चांदा किंवा भंडाऱ्याकडच्या गावात कोणी ‘भटकणारा वेडा’ आढळला, तर पोलिसाने त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या दाखल्यावर आश्रयगृहात धाडावे, ही कायद्याची रीत. म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधले अंतर मिटवण्याचा उपाय एकच होता: रुग्णाला उचलून आणणे. बहुधा कायमचे. गावात ज्याला लोक ओळखत होते, ज्याच्या हातवाऱ्यांचा अर्थ आईला, भावाला, शेजारणीला कळत होता, तो माणूस नागपूरच्या भिंतीआड आला की त्याची भाषा समजणारे एकही माणूस उरत नसे. बोली गोंडी असली तर विचारूच नका.

१९१२ मध्ये भारतीय वेडेपणा अधिनियम आला. ‘ल्युनॅटिक’च्या व्याख्येत ‘इडियट’ तसाच राहिला. हा कायदा किती काळ टिकला असेल? स्वातंत्र्य आले, मध्य प्रांत गेला, नागपूरचे राजधानीपण गेले, महाराष्ट्र झाला. कायदा मात्र ३१ मार्च १९९३ पर्यंत अंमलात होता.

जनगणनेची गोष्टही अशीच. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी मोजले जात. बौद्धिक दिव्यांगतेला स्वतंत्र घर नव्हते. स्वातंत्र्यानंतर ही मोजणीच थांबली. १९८१ मध्ये ती परतली, पण आंधळे, अपंग आणि मुके एवढ्यांपुरतीच. १९९१ मध्ये पुन्हा काही नाही. २००१ मध्ये ‘मानसिक’ असा एकच रकाना. मनोविकार आणि मतिमंदत्व यांचे रकाने प्रथम वेगळे झाले ते २०११ मध्ये, आणि तेव्हा देशात सुमारे १५ लाख माणसे दुसऱ्या रकान्यात नोंदली गेली. हा आकडा कमी आहे असे अभ्यासक सांगतात, आणि ते पटण्यासारखेही आहे. दारात आलेल्या प्रगणकाला घरातल्या मुलीविषयी खरे सांगणे किती आईबापांना जमले असेल?

या काळात घराबाहेर जे काही उभे राहिले ते मुख्यतः शाळांच्या रूपात. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या मातृ सेवा संघाचे मूळ काम प्रसूतिगृहांचे, पण पुढे याच संस्थेने मतिमंद मुलांसाठी नंदनवन ही शाळा चालवली. ही संगती मला अर्थपूर्ण वाटते. अडलेली प्रसूती, बाळाच्या मेंदूला न पोहोचलेला प्राणवायू, आणि पुढे सात-आठ वर्षांनी शाळेच्या दारात उभे असलेले तेच मूल, या साखळीची दोन्ही टोके एकाच संस्थेने पाहिली.

पण शाळा ही शाळाच. अठरा वर्षांनंतर काय? मूल मोठे होते, दाढीमिशा येतात, आईच्याने आता त्याला आंघोळ घालवत नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मोठ्यांचे डॉक्टर म्हणतात, हा काही सांगतच नाही, तपासू कसा? जगभर या टप्प्यावर ही माणसे आरोग्यव्यवस्थेच्या हातून निसटतात. १९८२ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट प्रयोगाने दाखवली: रुग्णाला बौद्धिक अक्षमता आहे असे कळले की तज्ज्ञसुद्धा त्याच्या इतर लक्षणांना कमी लेखतात. ‘तो तसाच आहे’ असे म्हणून लक्षण त्या मूळ निदानाच्या सावलीत झाकले जाते. डोके भिंतीवर आपटणाऱ्या माणसाची दाढ किडलेली असू शकते, हे कोणाच्या मनात येत नाही. इंग्लंडमध्ये २०१३ च्या एका चौकशी अहवालाने याची किंमत मोजली. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावत होत्या. जिथे सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा आहे, त्या देशातली ही स्थिती.

आपल्याकडच्या कायद्याकडे वळू, कारण पुढचा पेच तिथेच तयार झाला. १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. त्याने ‘मानसिक रुग्ण’ या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळले. शास्त्रदृष्ट्या हे शंभर टक्के बरोबर होते. सव्वाशे वर्षांची दावण सुटली. पण जुना कायदा जाताना आपल्याबरोबर एक सोयही घेऊन गेला. १९१२ च्या कायद्यानुसार जिल्हा न्यायालय अशा प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमू शकत असे. नव्या कायद्यात ती व्यक्ती बसतच नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मतिमंदत्वाला स्थान दिले, पण पालकत्वाचा प्रश्न त्यात नव्हता. तो सुटण्यासाठी ३० डिसेंबर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा यावा लागला. आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू लागली. मधल्या सहा वर्षांत आईबाप मुलाच्या वतीने बँकेत, इस्पितळात, न्यायालयात सही करीत होते ते निव्वळ रीत म्हणून. कायद्याचा आधार त्या सहीला नव्हता.

दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार किती भयंकर होऊ शकतो, हे महाराष्ट्राने त्याच वर्षांत पाहिले. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय मतिमंद मुलींच्या वसतिगृहातील काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण. महिला संघटना आणि दिव्यांगांच्या संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. या मुलींना कोणी काही विचारले होते का? त्यांच्या वतीने संस्था बोलली होती, आणि ते पुरेसे मानले गेले. पुढे २००९ मध्ये चंदीगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सौम्य मतिमंदत्व असलेल्या प्रौढ स्त्रीच्या गर्भाविषयीचा निर्णय तिच्या संमतीवाचून घेता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हेच सूत्र पुढे नेले: पालकत्व शक्यतो मर्यादित असावे, आणि निर्णय त्या व्यक्तीच्या सहभागाने व्हावा.

वैद्यकाने अंतर ओलांडण्याचा प्रयत्न याच्या कितीतरी आधी सुरू केला होता. १९०५ मध्ये हॉलंडमधील लायडेन शहरात आइनथोव्हेन यांनी इस्पितळातल्या रुग्णाच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत उमटवला. (त्यांचे यंत्र इतके अवजड होते की ते इस्पितळात नेण्यापेक्षा तार टाकणे सोपे!) पण आपल्या विषयाला खरा जवळचा प्रसंग अमेरिकेतील नेब्रास्काचा. तिथे सेसिल विटसन या मनोविकारतज्ज्ञांनी १९५९ पासून दुहेरी दूरचित्रवाणी वापरायला सुरुवात केली, आणि १९६४ मध्ये ओमाहाची संस्था ११२ मैलांवरच्या नॉरफोक येथील सरकारी मनोरुग्णालयाशी जोडली. दूरस्थ वैद्यकाच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक भिंतीआड ठेवलेल्या माणसांसाठी झाला, हे विसरले जाते.

भारतात इस्रोने २००१ मध्ये उपग्रहाद्वारे दूरस्थ वैद्यकाचा पथदर्शी प्रकल्प केला. चेन्नईचे अपोलो रुग्णालय आणि आंध्रातील अरगोंडा हे गाव त्याने जोडले गेले. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे ही गोष्ट मोठ्या इस्पितळांच्या ‘टेलिमेडिसिन कक्षा’पुरती राहिली. कक्षात जायचे म्हणजे पुन्हा घर सोडायचेच. साध्या फोनवरचा सल्ला सगळे डॉक्टर देत होते, पण कायद्याच्या पुस्तकात त्याला जागा नव्हती. २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणात, दाखल रुग्णावर दूरध्वनीवरून उपचार सांगितल्यानंतर तिचा मृत्यू झाल्याबद्दल, मुंबई उच्च न्यायालयाने दोन डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्या निर्णयाने राज्यभरातील डॉक्टर धास्तावले. फोनवर गोळीचे नाव सांगायचे की नाही, यावर वैद्यक संघटनांत खल सुरू झाला. २५ मार्च २०२० च्या नियमांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. ते टाळेबंदीच्या घाईत आले खरे, पण ज्या संदिग्धतेचा त्यांनी शेवट केला ती जुनी होती.

आता उमरेडकडच्या एखाद्या गावातले घर डोळ्यांसमोर आणा. घर काल्पनिक आहे, पण तसली घरे शेकड्यांनी आहेत. मुलगा चौतीस वर्षांचा. फेफरे येते, दिवसातून दोनदा गोळ्या. शब्द फार तर दहा-बारा. एरवी महिन्यातून एकदा नागपूरची वारी: पहाटेची एसटी, मेडिकलच्या ओपीडीत रांग, गर्दी, दिव्यांचा झगझगाट, कोणाच्या तरी रडण्याचा आवाज. अकरा वाजेपर्यंत त्याचा संयम संपतो, तो ओरडतो, लोक वळून पाहतात. डॉक्टरांपुढे पोहोचेपर्यंत तपासण्याजोगी स्थिती राहिलेली नसते, आणि कागदावर ‘वर्तन आक्रमक’ अशी नोंद होते. गावात तो आक्रमक नसतोच. तो रोज संध्याकाळी पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतो.

टाळेबंदीत ही वारी बंद झाली, आणि डॉक्टर पहिल्यांदा त्याच्या घरी आले, पडद्यावर. १८६४ पासून चालत आलेली दिशा इथे उलटी झाली.

‘कसा आहेस रे?’ या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, पण आपल्या खाटेवर बसून हसतो, आणि डॉक्टरांना कळते की तो असा असतो. फिट आली तेव्हाचे चित्रण आईने मोबाइलवर केलेले असते. ते मिनिटभराचे चित्रण शंभर प्रश्नांपेक्षा अधिक सांगते, कारण कोणता हात आधी ताठला, मान कुठे वळली, हे त्यात दिसते. ‘जेवत नाही हो डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले, भाकर तोंडाजवळ नेली की ढकलते’ असे आई सांगते, आणि डॉक्टर म्हणतात, ‘माय, टॉर्च लावून त्याच्या तोंडात पाहता का?’

मर्यादा इथेच सुरू होतात, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. किडलेली दाढ पडद्यावर दिसेल, उपटता येणार नाही. पोट दाबून पाहता येत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांत थायरॉइडचा विकार आणि लवकर येणारा स्मृतिभ्रंश अधिक आढळतो; पैकी पहिल्यासाठी रक्त काढावेच लागते. नियमांनी औषधांचेही गट केले: काही कोणत्याही माध्यमातून लिहिता येतात, काही पहिल्यांदा व्हिडिओवर पाहिल्यावरच, काही फक्त चालू उपचार पुढे नेण्यासाठी, आणि अनुसूची एक्समधली व अमली पदार्थ कायद्याखालील औषधे मुळीच नाहीत. शिवाय फोन कोणाकडे आहे, रेंज कुठल्या झाडाखाली येते, हे प्रश्न गडचिरोलीत वैद्यकशास्त्राइतकेच निर्णायक असतात.

यानंतर शासकीय सेवा वेगाने वाढली. ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी १३ एप्रिल २०२० ला सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीने आरोग्य केंद्रांतील सल्ले धरून एकूण दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला. दिव्यांग विभागाची ‘किरण’ ही मानसिक आधाराची दूरध्वनी सेवा ७ सप्टेंबर २०२० ला आली, तेरा भाषांत, मराठीसह. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस, क्रमांक १४४१६. या सगळ्या सेवा उपयुक्त आहेत, पण त्यांच्या रचनेत एक गृहीतक आहे: फोन करणाराच रुग्ण असतो आणि त्याला काय होते ते तो सांगतो. आपल्या चौतीस वर्षांच्या मुलाला हे गृहीतक लागू पडत नाही. अमेरिकेत बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठीच प्रशिक्षित डॉक्टरांची चोवीस तासांची व्हिडिओ सेवा आहे. तिथे पहिला प्रश्न असा असतो की याला तुम्ही किती वर्षे ओळखता, आणि आज याच्यात वेगळे काय दिसते?

आणि ओळखणारे कोणीच नसेल तर? मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांचे घर उभे केले. नागपूरहून ते दोनशे किलोमीटरच्या आसपास. शंभराहून अधिक मुलांना त्यांनी आपले आडनाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची अनेक वर्षांची मागणी पुरस्काराची नव्हती, ती कायद्याची होती: बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडण्याचा नियम या मुलांना लावू नका, त्यांना आजन्म राहू द्या. अठराव्या वर्षी कागदोपत्री प्रौढ होणारी मुलगी स्वतःचे नाव सांगू शकत नसेल तर तिने जायचे कुठे? वझ्झरच्या मुलीसाठी डॉक्टरशी बोलणारा काळजीवाहक म्हणजे संस्था. २०२० च्या नियमांतल्या ‘इत्यादी’ने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार संस्थेला सहज मिळतो. शिरूरमध्ये मुलींच्या वतीने बोलली होती तीही संस्थाच.

म्हणून त्या एका शब्दावर मी इतका अडून बसलो आहे. तो शब्द उदार आहे. त्यामुळे उमरेडच्या आईला पालकत्वाचे प्रमाणपत्र शोधत बसावे लागत नाही. तोच शब्द ढिला आहे. कारण अशा प्रौढ माणसाला पडद्यासमोर तरी बसवावे, त्याच्याकडे पाहून एक प्रश्न तरी विचारावा, असे बंधन तो डॉक्टरवर घालत नाही. २०१६ चा कायदा सहभागाची भाषा बोलतो, २०२० चे नियम असमर्थतेची. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नवे विनियम काढले आणि त्यांत दूरस्थ वैद्यकाचे नियमही नव्याने मांडले. पण तीन आठवड्यांतच ते सगळे विनियम स्थगित झाले आणि पुन्हा २००२ ची संहिता तिच्या परिशिष्टासह लागू झाली. ‘इत्यादी’ जागच्या जागी.

जाता जाता इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. आश्रयगृहांचे छापील अहवाल अभिलेखागारांत आहेत, ते कुठे जाणार नाहीत. त्यांत माणसांचे आकडे आहेत, माणसे नाहीत. माणसे सापडतात ती दुसरीकडे: अशा घरांतल्या आयांनी ठेवलेल्या वह्यांत. फिट कधी आली, किती वेळ टिकली, कोणती गोळी बदलली, त्या दिवशी तो काय जेवला, कोणता नवा शब्द बोलला. दोनशे पानी, कोपरे दुमडलेल्या, मधे कुठे किराण्याचा हिशेबही लिहिलेला. पडद्यावरचे डॉक्टर ‘आधीची हिस्टरी सांगा’ म्हणतात तेव्हा आई हीच वही उघडते. तुमच्या नात्यात, शेजारी अशी वही असेल, तर आई गेल्यावर ती रद्दीत जाऊ देऊ नका. घरच्यांची परवानगी घेऊन तिची छायाचित्रे काढून ठेवा, आणि मूळ वही त्या माणसाजवळच राहू द्या. पुढच्या डॉक्टरला ती लागणार आहे.